रात्रभर डाउनलोड लावायचंय? आधी स्लीपची सेटिंग बघा

रात्री साठ-सत्तर जीबीचा गेम डाउनलोडला लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर गाडी १२ टक्क्यांवरच अडकलेली, हे बऱ्याच जणांचं होतं आणि शिव्या खातो बिचारा नेटवाला. नेट बहुतेक वेळा ठीकच असतं हो, तुमच्या आधी कॉम्प्युटर झोपलेला असतो.

स्क्रीन बंद होणं, स्क्रीन लॉक होणं आणि स्लीप, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज की आणि एल दाबून लॉक केलं तरी आत सगळं चालू राहतं, डाउनलोडपण. नुसती स्क्रीन काळी झाली तरी तेच. स्लीपमध्ये मात्र प्रोसेसर थांबतो, डिस्क थांबते, नेट तुटतं आणि फक्त रॅमला थोडीशी वीज मिळत राहते. प्रोग्राम बंद होत नाहीत, जिथे होते तिथेच थिजतात, म्हणून झाकण उघडलं की तुमचं अर्धं टाइप केलेलं पत्र जसंच्या तसं समोर असतं. पण डाउनलोडला हे चालत नाही कारण पलीकडचा सर्व्हर काही तुमची वाट बघत बसत नाही, थोडा वेळ उत्तर आलं नाही की कनेक्शन सोडून देतो.

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. डाउनलोडच्या दृष्टीने फरक शून्य, थांबतंच. फरक कळतो लाइट गेल्यावर. डेस्कटॉप साध्या स्लीपमध्ये असताना लाइट गेली तर रॅम रिकामी, सेव्ह न केलेलं सगळं गेलं. हायबरनेटमध्ये काही होत नाही. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते अशा भागात राहत असाल आणि यूपीएस नसेल तर डेस्कटॉपला हायबरनेट किंवा हायब्रिड स्लीपच (स्लीपच, पण रॅममधल्याची एक प्रत डिस्कवरही लिहून ठेवते) ठेवा.

आता नवीन लॅपटॉपची गंमत. बऱ्याच नव्या मशीनमध्ये जुनी स्लीप नसतेच, मॉडर्न स्टँडबाय असतो, म्हणजे मोबाइलसारखं, झाकण बंद असलं तरी अधूनमधून नेटला जोडून मेल वगैरे घेतं. त्यामुळे लोकांना वाटतं डाउनलोडपण चालू राहील. नाही राहत. ब्राउझर, टॉरेंट असे नेहमीचे डेस्कटॉप प्रोग्राम विंडोज तेव्हा थांबवूनच ठेवतं. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची काळी खिडकी) पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश ए असं टाइप करा (इंग्रजीत अर्थातच). एस थ्री दिसलं तर जुनी स्लीप, एस झिरो लो पॉवर आयडल दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय.

सेटिंग कुठे बदलायची? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर अँड बॅटरी. तिथे चार्जरवर असताना स्लीप कधी हे 'नेव्हर' करा, आणि स्क्रीनला ५ मिनिटं राहू द्या, तिला बंद व्हायला काही हरकत नाही. झाकणाचं सेटिंग अजूनही जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये सापडतं, पॉवर ऑप्शन्समध्ये, तिथे चार्जरवर असताना झाकण बंद केलं तर 'डू नथिंग' करता येतं. पण मग तसाच चालू लॅपटॉप बॅगेत कोंबू नका, तापतो जाम. आणि गादीवर ठेवून तर अजिबात नको. दरवेळी सेटिंग बदलायचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टचं फुकट पॉवरटॉइज घ्या, त्यात अवेक नावाचं टूल आहे, एक क्लिक केलं की स्लीप अडवून धरतं. मॅकवाल्यांना काही इन्स्टॉल करायची पण गरज नाही, टर्मिनलमध्ये कॅफिनेट लिहून एंटर मारा, ती विंडो उघडी आहे तोपर्यंत मॅक आपोआप झोपणार नाही.

काही प्रोग्राम स्वतःच विंडोजला सांगतात की माझं काम चालू आहे, झोपू नको. कोण सांगतंय ते पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स या कमांडने दिसतं, मात्र कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडावा लागतो. पण ही विनंती फक्त आपोआप येणाऱ्या स्लीपला अडवते, तुम्ही स्वतः स्लीप दाबली किंवा झाकण लावलं तर कोणी ऐकत नाही.

थांबलेलं डाउनलोड पुढे चालू होईल का हे सर्व्हरवर आहे. फाइलचा मधलाच तुकडा द्यायची सोय त्याच्याकडे असेल तर रिझ्युम दाबलं की उरलेलंच येतं, नसेल तर पहिल्यापासून. लॉगिन करून मिळालेल्या लिंक बऱ्याचदा काही वेळाने एक्स्पायर होतात, मग पेजवर जाऊन नवीन लिंक घ्यावी लागते. टॉरेंट यात सगळ्यात निवांत, तुकडे तपासून पुढचं आणतं.

बाकी प्रोग्रामचं म्हणाल तर व्हिडिओ रेंडर सहसा थांबतो आणि जाग आल्यावर पुढे जातो, पण फाइल बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असेल आणि ती जागं होताना क्षणभर तुटली तर एरर येऊ शकतो. मीटिंग कॉल, व्हीपीएन, एसएसएच सेशन (म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवणं) हे तुटतातच. सर्व्हरवर लांबलचक काम लावायचं असेल तर ते टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा, मग तुमचा लॅपटॉप झोपला तरी तिकडे काम चालूच राहतं.

अजून एक चोर म्हणजे विंडोज अपडेट. स्लीप बंद केली तरी रात्री रीस्टार्ट होऊन सगळं जाऊ शकतं, तेव्हा मोठं काम लावायच्या आधी अपडेट आठवडाभर पॉज करा. अॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळात अपडेटसाठी विंडोज आपोआप रीस्टार्ट करत नाही ते तास, जास्तीत जास्त १८ तासांचेच ठेवता येतात, त्यात रात्र बसवली तरी चालेल.

आणि रात्रभर मशीन उगाच चालू नको असेल तर डाउनलोडला किती वेळ लागेल त्याचा अंदाज घ्या, त्यावर तासभर जास्तीचा धरा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये शटडाउन स्लॅश एस, स्लॅश टी आणि पुढे सेकंद असं द्या. चार तासांचे १४४०० सेकंद होतात. विचार बदलला तर शटडाउन स्लॅश ए ने रद्द होतं.