अँटोनिओची थैली कशी वाजवावी

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकाचा तिसरा अंक बसवताय? मग तलवारींचं नंतर बघा, आधी थैली शिवून घ्या. आम्ही इंदुरात राजवाड्यामागच्या एका गच्चीवर तालीम करतो. पहिल्यांदा हाताशी होती ती प्लास्टिकची पिशवी वापरली आणि प्रसंग पार फसला. जाड कापडाची, आत खरी नाणी असलेली, खुळखुळणारी हवी.

तिसऱ्या प्रवेशात खलाशी अँटोनिओ ती आपल्या मित्राच्या, सेबॅस्टियनच्या हाती देतो, तेव्हाच तो आवाज प्रेक्षकांच्या कानात बसला पाहिजे. पुढच्याच प्रवेशात सेबॅस्टियनची जुळी बहीण व्हायोला पुरुषवेषात असते; तिलाच सेबॅस्टियन समजून तो तिच्या बचावाला तलवार उपसतो, शिपाई त्याला धरतात, आणि तो थैली परत मागतो. तिला काहीच ठाऊक नाही. तरी बिचारी जवळच्या तुटपुंज्या पैशातले अर्धे पुढे करते.

इथे अँटोनिओला ओरडू देऊ नका. आमचा नट बँकेत वसुलीला. हप्ता थकल्यासारखा गरजायचा. म्हटलं, "भिया, पैसे गेल्याचं नाही, मित्राने ओळख दिली नाही याचं दुःख आहे!" तीन श्वास थांब, मग हळू बोल. जमलं.

व्हायोलाने मात्र 'सेबॅस्टियन' हे नाव ऐकताच उजळायचं, बुडाला समजलेला भाऊ जिवंत असेल म्हणून.

जुळे दिसायला सारखे चेहरे शोधत बसू नका. एकाच थानाचा अंगरखा, एकच टोपी, पुरे.

पाचव्या अंकात "यातला सेबॅस्टियन कोणता?" एवढं विचारल्यावर अँटोनिओला वाक्यच नाही. त्याला विंगेजवळ रिकाम्या हातांनी उभा ठेवा.