आमदारांना कराबद्दल जाब विचारताय? मग या चुका टाळा

व्यापारी संघटनेचं शिष्टमंडळ आमदारांच्या कार्यालयात जातं. शाल-श्रीफळ होतं, निवेदन दिलं जातं, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात 'सकारात्मक चर्चा' झाल्याची बातमी येते आणि कर आहे तिथेच राहतो. दोष एकट्या आमदारांचा नसतो. निवेदनातली मागणीच अनेकदा अशी असते की तिचं पुढे काही करता येत नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो कर कोणाचा हे न पाहता जाब विचारण्यात. 'जीएसटीचा दर १८ टक्क्यांवरून ५ करा' हे आमदाराला सांगून उपयोग नाही. तो दर जीएसटी परिषदेत ठरतो. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला डावलून काही होत नाही आणि एकट्या महाराष्ट्रानेही काही होत नाही. मालमत्ता कर आणि दुकानाचा परवाना महापालिकेकडे, आयकर दिल्लीकडे.

मग विधानसभेच्या हातात उरतं काय? बरंच काही. पेट्रोल, डिझेल आणि दारू अजून जीएसटीबाहेर आहेत, त्यांच्यावरचा व्हॅट (विक्रीवरचा कर) राज्याचा. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्के झाला, तो राज्यानेच केला. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, तोही राज्यानेच. व्यवसाय कर राज्याचा आहे. घटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, पण त्याच्या आत सवलत द्यायची की नाही हे मुंबईत ठरतं. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून हा कर माफ झाला तो असाच. वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कही याच यादीतले.

'हा केंद्राचा विषय आहे' असं उत्तर मिळालं की लोक मान डोलावून उठतात. उठू नका. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. आमच्या मालावरच्या दराबाबत राज्याने तिथे काय भूमिका मांडली, हा प्रश्न आमदाराला सभागृहात नक्की विचारता येतो. त्यांना तेवढंच मागा.

दुसरी चूक जरा भाबडी आहे: 'तुम्ही या विधेयकावर मत काय दिलंत?' असं विचारणं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोण हो म्हणालं, कोण गप्प बसलं, याची नोंद राहत नाही. मतविभागणीची, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवण्याची, मागणी झाली तरच ती राहते. शिवाय पक्षाचा व्हीप (मत कसं द्यायचं याचा आदेश) निघालेला असेल तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे विरोधात मत देणं म्हणजे आमदारकी पणाला लावणं. तेव्हा मतावर अडकू नका, बोलण्यावर या. तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) टाकला का? लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) दिली का? अर्थसंकल्पावरच्या चर्चेत आमचा विषय काढला का? या सगळ्याची नोंद विधिमंडळाच्या कामकाजात राहते आणि ती तपासता येते. 'मी मंत्रिमहोदयांशी बोललो' हे वाक्य मात्र तपासता येत नाही, म्हणूनच ते सगळ्यांना आवडतं.

वेळेची चूक तर दरवर्षीची. अर्थसंकल्प सहसा मार्चमध्ये येतो आणि शिष्टमंडळंही मार्चमध्येच निघतात. तोवर आकडे ठरलेले असतात. निवेदन दिवाळीनंतर, हिवाळी अधिवेशनाच्या आधी गेलं पाहिजे.

'कर रद्द करा' एवढंच लिहिणं ही आणखी एक. एलबीटीचं, म्हणजे महापालिका हद्दीत येणाऱ्या मालावर महापालिका घेत असलेल्या स्थानिक संस्था कराचं, उदाहरण घ्या. २०१३ मध्ये त्याविरोधात दुकानं बंद राहिली, २०१४ च्या निवडणुकीत तो मुद्दा झाला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांसाठी तो गेला. व्यापाऱ्यांनी आमदारांना वाकवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. पण महापालिकांची ती तूट राज्याच्या तिजोरीवर आली, आणि तिजोरीत कोणाचा पैसा असतो हे दुकानदाराला सांगायला नको. म्हणून मागणीसोबत भरपाई कुठून, याचीही एक ओळ लिहा. अर्थ खात्याचा पहिला आक्षेप तोच असतो, आणि उत्तर हातात नसेल तर तुमचा आमदार तिथेच थांबतो.

एका गोष्टीकडे फार कमी संघटना पाहतात: सवलती. सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मोठ्या उद्योगांना राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा मिळतो. ती योजना शासन निर्णयाने चालते, दरवेळी विधेयक येत नाही. आपल्या जिल्ह्यात कोणाला किती परतावा दिला आणि त्या बदल्यात किती रोजगार झाला, हा तारांकित प्रश्न दाखल करायला आमदाराला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या मते दर दोन टक्क्यांनी कमी करा म्हणण्यापेक्षा हा प्रश्न जास्त बोचतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर 'कर का वाढवला?' असं विचारू नका. कारणमीमांसा मागितली म्हणून अर्ज फेटाळला जातो. त्या निर्णयाच्या फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा, वित्त विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपये शुल्क भरून. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

आमदार विरोधी पक्षाचे असतील तर 'आमची सत्ता नाही' हे उत्तर ठरलेलं. ते खरं धरू नका. करविधेयक त्यांना मांडता येत नाही हे बरोबर. त्यासाठी राज्यपालांची शिफारस लागते. पण प्रश्न, लक्षवेधी आणि कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारे प्रस्ताव) त्यांनाही मोकळ्या आहेत, आणि मतविभागणीची मागणीसुद्धा. विधान परिषदेच्या सदस्यांकडेही जा. धन विधेयक (कर आणि सरकारी पैशांबाबतचं विधेयक) ते १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाहीत, पण प्रश्न त्यांनाही विचारता येतात. निवेदनाची पोच मात्र तारखेसह घ्या, आणि अधिवेशन संपलं की तीच प्रत घेऊन पुन्हा त्यांच्या दारात उभे राहा.