बेळगावात हरित गोदाम बांधताय? रेल्वेची तयारी आधी करा

जागेचा इसार देण्याआधी सल्लागाराला विचारा, की आपली इमारत ‘लीड’च्या (हरित इमारतींना गुण देऊन प्रमाणपत्र देणारी अमेरिकी पद्धत) ‘गोदाम आणि वितरण केंद्र’ या प्रकारात बसते का. ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत मालवाहू रेल्वे जवळ असल्याचे गुण याच प्रकाराला मिळतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंग ठेवायची मोठी शेड असली, तरी कारखाना तो कारखानाच. २०२५ मध्ये पाचवी आवृत्ती आली आहे, तेव्हा आपली नोंदणी कुठल्या आवृत्तीत होणार तेही लेखी घ्या.

चौथ्या आवृत्तीत चार सोयी मोजतात: १६ किलोमीटरच्या आत विमानतळ, बंदर किंवा रेल्वे-रस्ता मालाची अदलाबदल होणारं केंद्र, १.६ किलोमीटरच्या आत महामार्गावर चढायची वाट. तेवढ्याच अंतरात चालू मालवाहू मार्गावर पोचायची जागा. आणि थेट आवारात आलेली चालू सायडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेला मालगाडीचा रूळ. दोन असल्या तर १ गुण, तीन असल्या तर २.

आता मोजणी, आणि इथे घाई नको. अंतर गाडीच्या रस्त्याने धरतात, नकाशावर सरळ रेघ ओढून नाही. मच्छेहून सांबऱ्याचा विमानतळ नकाशात जवळ वाटतो, पण मध्ये अख्खं बेळगाव आहे. आपल्या फाटकापासून मालधक्क्याच्या फाटकापर्यंत, भरलेला ट्रक खरोखर जाऊ शकेल त्या वाटेने स्वतः गाडी घेऊन जा. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांचा भाग वाटेत येत असेल तर दिवसा ट्रक सोडतात का, तेही बघून ठेवा. मग तोच मार्ग नकाशावर आखून अंतरासकट अर्जाच्या फाइलीला जोडा.

जवळ स्टेशन आहे एवढ्यावर विसंबू नका. पॅसेंजर थांबते, पण माल उतरत नाही, अशी स्टेशनं मिरज–लोंढा मार्गावर आहेत. तिथे सध्या मालाची चढउतार होते का, हे हुबळी विभागाच्या वाणिज्य शाखेकडून लेखी मागा. माझ्या मते अख्ख्या फाइलीत सर्वांत मोलाचा कागद हाच.

निपाणीकरांच्या दारात महामार्ग आहे, रेल्वे नाही. रायबाग-कुडचीला रेल्वे आहे, पुणे–बंगळूर महामार्ग लांब. तिथे एका सोयीवर गुण मिळत नाही, म्हणून जोडीला दुसरी शोधा.

सायडिंग अजून व्हायची असेल तर जागा, परवानगी आणि निधी पक्का हवा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी काम चालू हवं आणि पुढच्या २४ महिन्यांत संपायला हवं. निव्वळ अर्ज केल्याची पोच त्यासाठी चालणार नाही.