पोटगीवाढीचा अर्ज रखडलाय? या चुका टाळा

तालुका विधी सेवा समितीच्या टेबलाशी बसून मी जी तक्रार सगळ्यात जास्त ऐकते ती ही: "ताई, कोर्ट नुसत्या तारखा देतंय." मी विचारते, मागच्या तारखेच्या रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, काय लिहिलंय? बाई वकिलांकडे बोट दाखवते, वकिलांचा कारकून बाईकडे. रोजनामा कोणीच वाचलेला नसतो. कोर्टांवर कामाचा बोजा आहे, न्यायाधीशांच्या बदल्या होतात, हे सगळं खरं. तरी माझ्यासमोर आलेल्या रखडलेल्या प्रकरणांतली निम्मी तरी आपल्याच बाजूच्या एखाद्या कागदापायी अडकलेली निघतात, आणि तो कागद कुठला हे रोजनाम्यात स्वच्छ मराठीत लिहिलेलं असतं.

आधी थोडक्यात: पोटगीचा हुकूम जुना झाला, मूल तेव्हा बालवाडीत होतं आणि आता नववीत आहे, म्हणून रक्कम वाढवून मागायची, तर पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ खाली जायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ लागतं. टायपिस्टकडे जुना नमुना तयार असतो आणि तो नुसती नावं बदलून देतो. सही करण्याआधी कलम बघा.

मुंबईचा माणूस, गावचा पत्ता

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कोकणातला निम्मा नवरा मुंबईत असतो (उरलेला आखातात नाहीतर जहाजावर) आणि अर्जात पत्ता मात्र गावच्या घराचा. का, तर लग्नपत्रिकेत तोच होता.

एका बाईंचं प्रकरण सांगते. वर्ष उलटून गेलं तरी अर्ज होता तिथेच. दर तारखेला त्या पहिल्या एसटीने यायच्या, दुपारपर्यंत व्हरांड्यात बसायच्या, पुढची तारीख हातावर लिहून परत जायच्या. मी रोजनामा काढून वाचला. ओळीने एकच मजकूर: समन्स बजावणी न होता परत, अर्जदाराने सामनेवाल्याचा (म्हणजे नवऱ्याचा) योग्य पत्ता द्यावा. पोलीस खरोखर घरापर्यंत जाऊन आले होते, आणि प्रत्येक वेळी सासूबाईंनी दारातूनच सांगितलं होतं, "झील मुंबैक असता, पत्तो माका म्हायत नाय." (झील म्हणजे मुलगा.) हवालदाराने तेच शुद्ध मराठीत लिहून कागद परत पाठवला. नवा पत्ता कोर्टात कोणी दिलाच नाही, कारण तो मागितलाय हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

गंमत अशी की पत्ता अख्ख्या वाडीला माहीत होता. ठाण्याजवळ दिव्याला चाळीतली खोली, खाली किराणा दुकान. त्याचा चुलतभाऊ तिथे राहून आलेला. मग एक पुरशिस, म्हणजे कोर्टाला माहिती देणारा छोटा लेखी कागद, देऊन दिव्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर कोर्टात दिला, आणि समन्स दोन्ही पत्त्यांवर मागितलं. दिव्याहूनही ते परत आलं, 'खोली बंद' म्हणून. तेव्हा मी बाईंना विचारलं, गणपतीला येतो का? "येतो तर! घरचा गणपती, त्याच्याशिवाय आरती कोण करणार?" झालं. चतुर्थीच्या पुढची तारीख पडेल असं बघून नवीन समन्स काढून घेतलं, पोलीस ठाण्यात जाऊन सांगून ठेवलं, आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे सगळे असताना ते त्याच्या हातात पडलं. पुढच्या तारखेला वकिलासह हजर.

हे एवढं लांबवून सांगितलं कारण बजावणी झाल्याशिवाय घड्याळ सुरूच होत नाही. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे, पण ते ६० दिवस नोटीस बजावल्यापासूनचे. बायका अर्ज टाकल्या दिवसापासून मोजतात आणि मग कोर्टाला शिव्या देतात.

माझी सवय: अर्जातच गावचा पत्ता, मुंबईची खोली, नोकरीचं ठिकाण आणि मोबाइल नंबर असे मिळतील तेवढे सगळे द्यायचे. जहाजावर असेल तर भरती करणाऱ्या एजन्सीचं मुंबईतलं ऑफिस. आखातात असेल तर तिकडे सरकारी मार्गाने समन्स जायला महिनेच्या महिने लागतात, तेव्हा तो सुट्टीवर कधी येतो याची खबर ठेवा. बजावणी मुद्दाम टाळतोय असं कोर्टाच्या लक्षात आणून दिलं तर त्याच्या गैरहजेरीतही पुरावा घेता येतो. पण टाळाटाळ दिसायला आधी प्रयत्न कागदावर दिसावे लागतात. "तो मुद्दाम लपतोय" हे माझ्या टेबलाशी रडून सांगण्याचा उपयोग नाही.

वाढीची वाट बघताना जुनी रक्कम सोडून देणे

दुसरी चूक पैशाने महाग पडते. वाढीचा अर्ज चालू आहे ना, मग जुने थकलेले पैसे सगळे एकदमच मिळतील, असं समजून बायका गप्प बसतात. समजा महिना ३,००० रुपयांचा हुकूम आहे आणि त्याने तीन वर्षं एक पैसा दिला नाही. वसुलीसाठी वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे आज वसुलीला गेलात तर वॉरंटच्या रस्त्याने मागच्या १२ महिन्यांचे ३६,००० हाताशी लागतील. आधीच्या ७२,००० साठी हा सोपा रस्ता बंद, पुढे वकिलांशी डोकेफोड.

वाढीचा अर्ज वेगळा, वसुलीचा अर्ज वेगळा. एकाने दुसरा थांबत नाही. मी तर प्रत्येकीला सांगते, दिवाळीआधी एकदा आणि शिमग्याआधी एकदा, थकबाकी असो नसो, बँकेचं पासबुक भरून आणा. हिशेब समोर असला की वसुलीचा अर्ज वेळेत जातो. आणि वॉरंट निघूनही भरलं नाही तर थकलेल्या दर महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. तरी गावात कोणीतरी शहाणा असतोच, "तुरुंगात गेला की हिशेब मिटला" म्हणणारा.

याच जातीचा आणखी एक शॉर्टकट म्हणजे शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एकरकमी घेऊन 'यापुढे मुलाची काही मागणी नाही' असं लिहून देणं. मुलाचा हक्क आईला असा विकता येत नाही. पैसे मात्र सहा महिन्यांत घराच्या कौलांवर खर्च होऊन जातात, आणि पुढे वाढ मागायला गेलं की तोच कागद समोर येतो आणि त्यावर वाद घालण्यात आणखी एक पावसाळा जातो. तडजोड करायचीच तर लोकअदालतीत करा, तिथला निवाडा निदान अमलात तरी आणता येतो.

शपथपत्र

रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. सामनेवाल्याने ते चार आठवड्यांत द्यावं, आणि दोनपेक्षा जास्त वेळा मुदत घेऊन मुद्दाम लांबवलं तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. हे हत्यार आपल्या हातात आहे. पण आपलंच शपथपत्र अर्धवट असेल तर ते उगारायचं कोणत्या तोंडाने? मैत्रिणीच्या शपथपत्राची नक्कल आणून रकाने कोरे ठेवणाऱ्या बायका मी दर महिन्याला बघते. लागू नसेल तिथे 'लागू नाही' लिहा. शिलाईतून चार पैसे मिळत असतील तर तेही लिहा. लपवलेली शिलाई उलटतपासात निघते.

शेती-बागायतीवाल्यासाठी या शपथपत्राचा वेगळा नमुना आहे. आंबा-काजूवाला बाप नोकरदाराच्या नमुन्यावर 'उत्पन्न नाही' लिहून मोकळा होत असेल तर तिथेच हरकत घ्या. "तो लाखांनी कमावतो" असं नुसतं म्हणू नका. सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) काढा, वाशीच्या आंबा दलालाची हिशेबपट्टी कोणाकडे मिळते का बघा. सातबाऱ्यावर सतरा नावं असतील, आपल्याकडे असतातच, तर आंब्याची कलमं प्रत्यक्षात कोणाच्या वहिवाटीत आहेत हे सांगणारा साक्षीदार शोधा. मासेमारी बोटवाला असेल तर तो म्हणणार बोट बंद आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेवढं खरं, उरलेल्या दहा महिन्यांचं विचारा. होमस्टे चालवत असेल तर त्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा, पण त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं हे वकिलांना आठवण करा.

खर्च फुगवणे

वाढ मिळते ती परिस्थिती बदलली म्हणून. महागाई वाढली एवढं वाक्य पुरत नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखायला लावते: हुकूम झाला तेव्हा काय होतं, आज काय आहे. शाळा, क्लास, चष्मा, दमा, भाडं. प्रत्येक ओळीसमोर पावती. एकीने आठवीतल्या मुलीच्या एसटीचं भाडं महिन्याला हजार लिहिलं. उलटतपासात समोरच्या वकिलाने शांतपणे विचारलं, पाचवी ते बारावीच्या मुलींना गावाकडे एसटीचा पास फुकट असतो ना? अहिल्याबाई होळकर योजना. बाई गप्प. त्यानंतर तिच्या खऱ्या पावत्यांकडेही संशयाने बघितलं गेलं आणि शाळेतून बोनाफाईड, फीचा दाखला असं सगळं पुन्हा मागवण्यात तारखा गेल्या.

बाकीच्या, भराभर

मूल १७ वर्षांचं होईपर्यंत थांबू नका. या कलमांखालची मुलाची पोटगी साधारण १८ व्या वर्षी संपते. हिंदू अविवाहित मुलीला पुढेही १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली मागता येते, पण तो दावा वेगळा, त्याची तयारी आधी हवी.

वाढ कोणत्या तारखेपासून हवी ते अर्जात लिहा. अर्जाच्या तारखेपासून मागा. न मागता कोणी देत नाही.

पैसे देत नाही म्हणून मुलाला भेटू न देणं बंद करा. समोरचा भेटीचा अर्ज टाकतो आणि तुमचा अर्ज मागे पडतो.

सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा तो १६ अक्षर-आकड्यांचा, मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि टप्पा स्वतः बघा. कारकुनाला फोन करून विचारणं म्हणजे माहिती नव्हे.

दोन तारखा पडल्या की "हायकोर्टात जाऊया" म्हणणाऱ्या भावांना आवरा. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली हे चांगलंच. पण समन्स बजावलेलं नसताना कोल्हापूरला जाऊन काय सांगणार?

वकील बदलायचा असेल तर खुशाल बदला, मात्र आधीच्यांकडून ना-हरकत आणि सगळी फाईल घेतल्याशिवाय नाही. फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे या. बायका आणि मुलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. येताना जुन्या हुकुमाची नक्कल, पासबुक आणि रोजनाम्याची प्रत आणा, आणि शक्यतो तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येऊ नका.