ब्यावोव्येझाचं जंगल सायकलवरून: हायनुफ्का ते हायनुफ्का, एका दिवसात

पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेला चिकटून ब्यावोव्येझाचं जंगल आहे. दोन्ही देशांत मिळून सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. युरोपच्या सखल भागातलं असं जुनं रान बाकी सगळीकडे तोडून झालं, हे उरलं. वॉर्सातल्या मराठी मंडळींपैकी कुणी सायकलीसाठी जागा विचारली की मी हीच सांगते आणि लगेच बजावते, झुब्र बघायचाच असा हट्ट धरून जाऊ नका. झुब्र म्हणजे इथला रानगवा. दिसला तर तुमचं नशीब. इथे हमखास दिसतं ते मेलेलं लाकूड, आणि तेच बघण्यासारखं आहे. गाडीतून ते कळत नाही, पायी एवढी फेरी होत नाही. म्हणून सायकल.

फेरी अशी: हायनुफ्का, ब्यावोव्येझा, नारेफ्का आणि परत हायनुफ्का. वाटा कशा निवडता त्यावर, पण साधारण 60 ते 70 किलोमीटर. चढ नावालाच. दिशा मात्र हीच ठेवा. सकाळी पाय ताजे असताना जंगलातल्या वाळूच्या वाटा उरकतात, वाटाड्यासोबत पायी फिरणं दुपारच्या आत होतं, आणि नारेफ्काहून परतताना डांबरी रस्ता मिळतो. उलटं गेलात तर थकल्या पायांनी वाळूत रुताल. पातळ टायरची रेसिंग सायकल आणू नका. 40 मिलिमीटरच्या आसपासचं टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. सायकल नसेल तर हायनुफ्का आणि ब्यावोव्येझा, दोन्हीकडे भाड्याने मिळते. जूनमध्ये या भागात पहाटे चारनंतर उजाडतं आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

खाण्यापिण्याचं आदल्या दिवशीच बघा. रविवारी पोलंडमध्ये बहुतेक मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. जंगलात दुकान नाही, पाणी भरायची सोयही धरून चालू नका. दोन बाटल्या आणि घरून नेलेले मेथीचे ठेपले किंवा दशम्या, एवढं सामान मला पुरतं.

सीमा जवळ असल्यामुळे तीन गोष्टी सांभाळा. जून 2024 पासून सीमेलगतच्या काही पट्ट्यात सामान्य माणसाला जायला बंदी घातली गेली, आणि त्या पट्ट्याच्या हद्दी बदलत आल्या आहेत. आदल्या संध्याकाळी सीमारक्षक दलाच्या संकेतस्थळावर ताजा नकाशा बघून मगच मार्ग पक्का करा. दुसरं, पासपोर्ट किंवा रहिवासाचं कार्ड खिशात ठेवा, सायकलच्या पिशवीत तळाशी नको. गस्तीच्या गाड्या फिरत असतात आणि आपल्या रंगाच्या माणसाला त्या थांबवणार हे धरूनच चाला. कार्ड दाखवा, 'जेन दोब्री' (नमस्कार) म्हणा, पुढे निघा. तिसरं, फोनमध्ये नेटवर्क आपोआप निवडायची सोय बंद करा. बेलारूसच्या टॉवरची रेंज इकडे येते, ते युरोपीय संघाच्या रोमिंगमध्ये नाही, आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं. शिवाय फोनचं घड्याळ एक तास पुढे जाऊ शकतं, कारण पलीकडची वेळ उन्हाळ्यात एका तासाने पुढे आहे. वाटाड्याची वेळ ठरलेली असेल तर साधं मनगटी घड्याळ बरं.

हायनुफ्कातून निघण्याआधी तिथलं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल बघून घ्या. जुनं नाही, गेल्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे, पण काँक्रीटचं छत लाटेसारखं वळवलेलं आहे. हे गाव मुळात लाकडावर वाढलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी झाडं तोडून बाहेर काढायला जंगलात छोटी रेल्वे टाकली. तिच्यावर आता उन्हाळ्यात प्रवाशांची गाडी चालते.

ब्यावोव्येझाकडे जाताना मोटारींचा 689 क्रमांकाचा रस्ता टाळा. नकाशात बुडी आणि तेरेमिस्की या दोन जंगलवस्त्या घालून मार्ग काढा. लाकडी घरं, बागेत सफरचंदं, कुंपणाला लागून रान. नंतर थोडी वाट वाकडी करून झुब्रांच्या राखीव आवारात जाता येतं. तिथे झुब्र, लांडगा, लिंक्स (मोठं रानमांजर) कुंपणाआड दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर जरूर जा, नाहीतर वेळ वाचवा. मी कोल्हापूरची. दाजीपूरचा गवा पाहिलेल्या माणसाला झुब्र थोडा वेडाविद्रा वाटतो, पुढून डोंगर आणि मागून वासरू. पण त्याची कथा ऐकली की आदर वाटतो. इथला शेवटचा रानटी झुब्र 1919 साली मारला गेला. प्राणिसंग्रहालयांतून उरलेल्या जनावरांपासून वंश पुन्हा वाढवला, 1952 मध्ये पहिले झुब्र जंगलात सोडले. आज जगात आहेत ते सगळे फक्त 12 जनावरांचे वंशज. वाटेत समोर आलाच तर थांबा, सायकल वळवा, अंतर ठेवा. फोटोसाठी पुढे सरकू नका.

ब्यावोव्येझा गावात राजवाड्याचं उद्यान आहे, राजवाडा नाही. रशियाच्या झारने शिकारीसाठी बांधलेला तो वाडा 1944 मध्ये जळाला. त्या जागी आता निसर्गसंग्रहालय आहे. तळ्याजवळचा दगडी स्तंभ मात्र शोधून वाचा. 1752 साली राजा तिसऱ्या ऑगस्टच्या शिकारीत 42 झुब्र पडले, त्याची नोंद त्यावर पोलिश आणि जर्मन भाषेत कोरलेली आहे, शिकाऱ्यांच्या नावांसकट. शेजारच्या सेंट निकोलस चर्चमधली मूर्तिचित्रांची भिंत चिनी मातीची आहे. दार उघडं असलं तर डोकावून या.

इथे सायकलला कुलूप लावा. राष्ट्रीय उद्यानाच्या कडक संरक्षित भागात परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही आणि सायकल तर नाहीच. इंग्रजी बोलणारा वाटाड्या आधी ठरवावा लागतो. गटाचं शुल्क असतं, चार-पाच जण जमले तर परवडतं. साधारण तीन तास चालणं होतं, आणि दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. पैसे वाचवायचे तर मार्चीनेक केकवर वाचवा, इथे नको.

आत गेल्यावर आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडाच्या, खोडाशी बसा. एखादी साल सुटून खाली पडलेली असते, तिच्याकडे बघा. आतल्या बाजूला उभी सरळ नाळ, आणि तिच्या दोन्ही अंगांनी आडव्या बारीक नाळा, सुरुवातीला सुतासारख्या, पुढे रुंद होत गेलेल्या. मधली नाळ मादी भुंगेऱ्याने अंडी घालायला कोरलेली. बाजूच्या अळ्यांच्या, अळी खात खात जाते, जाडी होते, तशी नाळही रुंदावते. भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटरचा. गेल्या दशकात त्याने इथली स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणात मारली. ती झाडं तोडावीत म्हणून सरकारने 2016 मध्ये तोड वाढवली, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं, आणि एप्रिल 2018 मध्ये ही तोड बेकायदा ठरली. याच अळ्यांवर तीन बोटांचा सुतारपक्षी जगतो. कुजलेल्या खोडावर शेवाळ, बुरशीच्या पायऱ्या, आणि त्यावरच रांगेत उगवलेली स्प्रूसची बोटभर रोपं. आपल्याकडे असं खोड दिसलं की दोन दिवसांत चुलीत जातं. इथे ते हलवत नाहीत.

दुपारी नारेफ्काच्या दिशेने उत्तरेला खडीची जंगलवाट पकडा. नारिंगी पाट्यांचा 'ग्रीन वेलो' मार्ग तिकडूनच जातो. वाटेत कोसी मोस्त नावाच्या पुलावर थांबून नदी बघा, डब्यातलं खा. डास खातील, तेही धरून चाला.

या रस्त्यावर मला वळिवडे आठवतं. फेब्रुवारी 1940 मध्ये सोविएत सत्तेने पूर्व पोलंडमधून माणसं सैबेरियाकडे हाकलली, तेव्हा पहिल्या फेरीत वनरक्षकांची कुटुंबं होती. हद्दपारीतून वाचून इराणमार्गे भारतात आलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. इथल्या म्हाताऱ्यांना 'कोल्हापूर' म्हणून बघा. सगळ्यांना नाही, पण एखाद्याला माहीत असतं.

नारेफ्का छोटं गाव. नाझींपासून ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरच्या कारखान्यामुळे वाचलेला लिऑन लायसन 1929 साली इथे जन्मला. तिथून हायनुफ्कापर्यंत डांबरी रस्ता, मोटारी असतात, उजवीकडून एका रांगेत चला. बिअरचा मोह आवरा: रक्तात 0.2 प्रमिल (हजारात 0.2 भाग) मद्यापासून सायकलस्वारालाही दंड आहे, आणि तो 1000 झ्वोतींपासून सुरू होतो.

हायनुफ्काला पोचलात की मार्चीनेक मागवा, आंबट सायीचे पातळ थर एकावर एक लावलेला इथला केक. शाकाहारी असाल तर बटाट्याची 'किश्का' मागवू नका, आतड्यात भरलेली असते. बटाटा-पनीराचे पिएरोगी (उकडलेल्या करंज्या) चालतील, फक्त वर डुकराच्या चरबीचे तुकडे नकोत असं आधी सांगा.

मग खोलीवर जाऊन आंघोळीआधी अंग तपासा. गुडघ्याच्या मागे, काखेत, कमरेच्या रबराखाली, केसांत. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल, लोणी काही लावू नका. या भागातल्या गोचिडींकडून मेंदूज्वर आणि लाइम दोन्ही होतात. मेंदूज्वराची लस मिळते, पण तिचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने असतात, तेव्हा उन्हाळ्यात जायचं असेल तर हिवाळ्यातच सुरू करा. लाइमची लस नाही, म्हणून पुढचा महिनाभर चावलेल्या जागेवर लक्ष ठेवा. लाल वर्तुळ पसरायला लागलं तर थेट डॉक्टरकडे.