हवा शुद्ध करायला घरात झाडं आणताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाडं आणली म्हणून खिडक्या बंद ठेवणं. घरातली झाडं हवा शुद्ध करतात, असं नासाच्या नावाने सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड फिरत असतात. नासाने १९८९ मध्ये जो प्रयोग केला तो छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये केला होता, आपल्या हॉलमध्ये नाही, पण फॉरवर्डमध्ये ते कोणी लिहीतच नाही. २०१९ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तर कळलं की साध्या येण्याजाण्याच्या हवेने जेवढं काम होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. त्यामुळे फोडणीचा धूर, उदबत्ती, नवीन कपाटाचा वास, यावर उपाय खिडकी आणि एक्झॉस्ट फॅनच.

माझ्या मावसबहिणीने पुण्यात बेडरूममध्ये एकदम पंधरा कुंड्या आणल्या, एसी लावून खिडकी बंद आणि रोज सकाळी सगळ्यांना तांब्याभर पाणी. जुलैमध्ये फोन आला, "ताई, उठल्या उठल्या शिंका येतात गं, खोलीला कोंदट वास मारतोय." गेले तर मातीवर पांढरी बुरशी, ताटल्यांमध्ये साचलेलं पाणी, चिलटं उडतायत, आणि स्नेक प्लांटचं पान धरलं तर अख्खं झाडच हातात आलं, मुळं काळी लिबलिबीत, गटारासारखा वास. मला खरंच वाईट वाटलं, कारण स्नेक प्लांट सहजासहजी मरत नाही हो. दहा कुंड्या बाल्कनीत काढल्या, ताटल्या रिकाम्या केल्या, खिडकी उघडी ठेवायला लावली, आठवड्याभरात वास गेला.

पाण्याचं मी वेळापत्रक ठेवत नाही आणि ते रिमाइंडरवालं अ‍ॅप मला अजिबात पटत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात माझा स्नेक प्लांट तीन-तीन आठवडे तसाच असतो.

अंधाऱ्या कोपऱ्यात झाड ठेवू नका. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, पॉलिशचे स्प्रे नकोत. नर्सरीतून आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, दोन आठवडे रुळू द्या. रांगतं मूल असेल तर डिफेनबेकिया (मोठ्या, पांढरट ठिपक्यांच्या पानांचं शोभेचं झाड) घरात नकोच, पान चावलं तर तोंड सुजतं.

आणि एकदम पंधरा आणायची घाई कशाला? एक आणा, तीन महिने सांभाळा, मग दुसरं. मला स्वतःला सकाळी चहा घेऊन कुंड्यांमधली पिवळी पानं काढत बसलं की जे शांत वाटतं ना, त्यासाठी चार झाडं पुरतात.

बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी मात्र आठवड्यातून एकदा बदलाच. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंडी काचेला आतून चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, बाटली ब्रशने आतून घासून घ्या.