बायको प्रशिक्षणाला, बाप घरी: कोकणातल्या पावसाळ्याचा अनुभव

सुरुवात रजेपासून करा, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. राज्य सरकारच्या 2018 च्या निर्णयाने 180 दिवसांची बालसंगोपन रजा सरकारी नोकरीतल्या महिलांना दिली. पुरुषाला ती बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. 'बायको पुण्याला प्रशिक्षणाला चाललीय' हे कारण त्यात बसत नाही. मी अर्जित रजा लावली. ती 300 दिवसांपर्यंत साठते आणि आपण ती घरबांधणी नाहीतर लग्नकार्यासाठी जपून ठेवतो. अर्ज मात्र आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधीच टाका. जूनमध्ये आपत्ती नियंत्रण कक्षाच्या ड्युट्या लागल्या की साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत.

आमची मुलगी दीड वर्षाची, घर हर्णैजवळच्या वाडीत. बायको निघायच्या आधीचा आठवडाभर सगळं मीच करायचं आणि तिने नुसतं बघायचं, असं ठरवलं होतं. ही तालीम प्रत्येकाने करावी. स्वयंपाक हात वळला की जमतो. गॅस कधी संपेल, तांदूळ किती उरलाय, कुठला डोस कधी, हे सतत डोक्यात चालू ठेवणं खरं दमवतं. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो. 'अ' जीवनसत्त्व पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लसीकरणाचं कार्ड तुमच्या ताब्यात घ्या. आणि डाळीचा डबा कुठेय हे विचारायला तिला वर्ग चालू असताना फोन करू नका, शोधा.

खाण्याचं सांगतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी कमी. सुकटीत मीठ इतकं की लहान मुलाला नकोच. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तूप, दुपारी मऊ भात नि मुगाचं वरण, मधूनमधून अंडं किंवा कुळथाचं पिठलं, एवढ्यावर आमचं छान भागलं. मासळी सुरू झाल्यावर पापलेट द्या, मांदेलीच्या वाटेला जाऊ नका. पापलेटचाही घास ताटात चिमटीने कुस्करायचा, अंगठ्याखाली काटा टोचतोय का पाहायचं आणि मगच भरवायचा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. फणसाच्या आठळ्या, जांभळाच्या बिया, अख्खे शेंगदाणे घशात अडकतात. आठळी उकडून पार कुस्करली तर चालते.

विहिरीला जाळी बसवायचं सगळ्यांना सुचतं. पागोळ्यांखाली भरलेली घमेली नि न्हाणीतली बादली कुणाच्या ध्यानात येत नाही. दीड वर्षाचं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. रोज संध्याकाळी सगळी भांडी पालथी घाला.

कपडे वाळत नाहीत, यावर तोड नाही. लंगोट दुप्पट घ्या, पंख्याखाली दोरी बांधा, उरलेली ओल इस्त्रीने काढा. घालण्याआधी प्रत्येक कपडा झटकायचाच. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर उठतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचे उपचार रूढ केले, म्हणून आज मुलं वाचतात. पण वेळेत दवाखाना गाठला तर. मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवू नका. रात्री रुग्णवाहिकेसाठी 108.

या वयाला दिवसा-रात्री मिळून 11 ते 14 तास झोप लागते. तिच्या दुपारच्या झोपेत मी भांड्यांना हात लावत नसे, पडवीत चहा घेऊन बसायचो. लोक चुकचुकतात, चुकचुकू देत. नाक्यावरच्या दुकानदाराने 'काय भाऊ, नोकरी सुटली काय?' विचारलंच. रजेवर आहे म्हणायचं आणि साबण घेऊन निघायचं.

कामावर हजर व्हायची सोय मात्र आधीपासून बघा. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं लागतं, त्याआधी घरी नेण्याचा आहार तेवढा मिळतो. आमच्या गावात पाळणाघर नाही. म्हणून रजा संपायच्या पंधरवडाभर आधीच आजीला राहायला बोलावलं, आणि पेज भरवणं, दुपारी निजवणं एकेक करून तिच्याकडे दिलं.